पंगतवैद्य

नारोपंत वैद्य रोग्याची नाडी सगळ्यांत शेवटी पाहत. घरात शिरले की आधी घरधन्याचा हात धरत, मग त्याच्या भावाचा, मग दारात उगाच उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा. खाटेवरचा माणूस कण्हून आपल्याकडे लक्ष वेधू लागला की म्हणत, "थांब न बाप्पा! तू तं सापडलाच आहेस. रोग कुठून येऊन राहिला ते आधी पाहू दे."

आणि ते येत ऐन जेवणाच्या वेळेला. "पानं वाढा. मी जेवत नाई. मी पाह्यतो," असं म्हणून कोपऱ्यात पाट टाकून बसत. कोण आधी बसतं, कोण अर्ध्यावर उठतं, कुणाच्या भाकरीवर तूप पडतं आणि कुणाच्या वाट्याला नुसतं तिखट येतं, हे सगळं डोळे बारीक करून पाहत. त्या नजरेखाली अमरावतीत कुणाच्याही घशाखाली घास सुखानं उतरला नसेल.

मागच्या महिन्यात एका लग्नात पंक्ती बसल्या होत्या. दुसऱ्यांदा पानावर बसलेल्या एका पोराला त्याचा सोबती म्हणाला, "ऊठ बे, पंगतवैद्या!" सगळे हसले. नारोपंतांना जाऊन इतकी वर्षं झाली, त्या पोरांनी त्यांना पाहिलेलंही नाही, पण खादाड माणसाला हे नाव आमच्या गावात अजून चालतं. आमची ही तेव्हा बायकांच्या पंक्तीत वाढत होती. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि लांबूनच माझ्याकडे पाहिलं. कारण ते नाव मी ठेवलं होतं, हे आता फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे.

तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

ती कापसाच्या वेडाची वर्षं होती. साता समुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या काळ्या मातीकडे डोळे लावून बसल्या. आगगाडी अजून आमच्यापर्यंत पोचली नव्हती. अमरावतीच्या कापूसबाजारात गाड्यांची रांग लागे, ती वेशीबाहेर कुठं संपते ते दिसत नसे. मुंबईचे अडते कापूस विकत घ्यायला तंबू ठोकून बसलेले. कालपर्यंत अंबाडीची भाजी-भाकरी खाणारे लोक जिलबीनं तोंड धुऊ लागले. माणसं खूप खात होती आणि अंगाला काही लागत नव्हतं.

नारोपंतांनी या सगळ्यावर एकच निदान करून ठेवलं होतं. कुणाची भूक गेली, कुणाची झोप गेली, कुणी बायकोवर विनाकारण खेकसू लागला, की ते मान हलवून म्हणत, "याले कापूस झाला."

तेल्हाऱ्याचा एक कास्तकार त्यांच्याकडे आला. पीक साधलं, भाव साधला, म्हणून त्यानं गाडीच्या चाकांना लोखंडाच्या जागी चांदीच्या धावा चढवल्या होत्या. तक्रार अशी, की डोळ्याला डोळा लागत नाही.

"निजतो कुठं?" नारोपंतांनी विचारलं.

"गाडीखाली. चाकं कोनी काढून नेली तं?"

"आन् बायको?"

"ते घरात असते."

"धावा काढ. त्याचे बायकोले तोडे कर आन् घरात नीज. चांदी चोरीले निघाली तं आवाज तरी होईन."

कास्तकार तोडे करून घरात निजू लागला. लोक म्हणाले, हे काय औषध झालं? पण त्याला झोप लागली.

आमच्याच आळीतल्या एका म्हातारीला खोकल्याची उबळ येई. कितीतरी काढे झाले. नारोपंत तिच्या घरी जाऊन कोपऱ्यात बसले आणि त्यांनी सुनेला सांगितलं, "उद्यापासून पहिली गरम भाकर तू खा. मंग बाकीच्यांच्या टाक." म्हातारी चवताळून उठली. "खोकला माह्या आन् भाकर तिले?"

"तुह्या खोकल्याचं औषध तिच्याच हातात आहे, बुढे. रोज शिळे तुकडे खाऊन ते पोरगी रागानं तव्यावर मिरच्या अश्या भाजते, का मले दारातच ठसका लागला. आन् तू तं चुलीजवळ बसतेस." सुनेनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की लाजत होती ते कळलं नाही, पण महिना उलटायच्या आत म्हातारी भांडायला पुन्हा ठणठणीत झाली.

आता माझ्या घराकडे येतो.

मी तेव्हा कापसाचा दलाल होतो. वय कोवळं, डोक्यात भावाशिवाय काही नाही. घरी आई आणि बायको गोदावरी. गोदावरीला दिवस गेले होते. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे आईचा जीव टांगणीला. आणि या खेपेला तर दिवस चढत होते आणि गोदावरी उतरत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. सुईण आईला बाजूला घेऊन म्हणाली, अशीच वाळत गेली तर मूलही हाती लागणार नाही आणि सूनही नाही. आईनं रडतच मला सांगितलं. मी म्हणालो, "नारोपंतांना बोलाव. पण मला बाजारातून उठवू नको."

नारोपंत आले ते अर्थातच जेवणाच्या वेळेला. त्यांनी आईची नाडी पाहिली, मोलकरणीची पाहिली आणि विचारलं, "घरधनी कुठं आहे?"

"बाजारात."

"जेवाले कधी येते?"

"येत नाई," आई म्हणाली. "रात्री येते, म्हणते पोट भरलं आहे, आन् निजते."

नारोपंतांनी गोदावरीकडे पाहिलं. "आन् तू कधी जेवतेस, पोरी?"

गोदावरीच्या आधी आईच म्हणाली, "ते कशी जेवन त्याच्या आधी?"

आमच्याकडे बायको नवऱ्यामागून जेवत असे, तीही त्याच्याच ताटात. नवऱ्यानं उठताना भाकर, भाजी ठेवायची आणि तिनं त्यावर आणखी वाढून घ्यायचं. हे कुणी कुणाला शिकवत नसे, तसंच चाले. मी तंबूंमध्ये अडत्यांची पक्वान्नं झोडून येत होतो. घरी ताटच पडत नव्हतं. आई देवदेव करून वेळेवर जेवून घेई आणि सून मागून जेवत असेल असं धरून चाले. गोदावरी झाकून ठेवलेली भाकर सकाळी गाईला घाली आणि विचारलं तर "झालं माझं" म्हणे. घरात धान्याची कोठी भरलेली आणि बायको उपाशी, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

नारोपंत तिथून उठले ते थेट बाजारात.

कापसाचा सौदा आमच्याकडे तोंडानं होत नसे. उपरण्याखाली हातात हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवतीच्या लोकांना काही कळत नाही. त्या दिवशी माझा मुंबईच्या एका जाड्या अडत्याशी मोठा सौदा चालला होता. भोवती गर्दी. त्याला शिंक आली म्हणून त्यानं हात काढला, आणि मी मागे वळून मालवाल्या शेतकऱ्याला डोळ्यांनी धीर देत होतो. तेवढ्यात उपरण्याखाली हात आला आणि माझ्या मनगटावर तीन बोटं दाबली गेली. अडत्यानं तीन वाढवले! मी आनंदानं ओरडलो, "दिला!"

"कुणाला दिला?" समोरचा अडत्या नाक पुसत म्हणाला. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते.

मी शेजारी पाहिलं. नारोपंत डोळे मिटून माझी नाडी पाहत होते.

"हलू नको," ते म्हणाले. "वात बराबर, पित्त लय. तुले कापूस झाला, बापू."

सगळा बाजार खदखदून हसला. सौदा मोडला. मी रागानं लाल झालो. तेव्हा त्यांनी मला बाजूला ओढलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "बायको तुही आजारी नाई, उपाशी आहे. पथ्य तिले नाई, तुले आहे. रोज दोन्ही वेळ घरी जेवाचं आन् ताटात तिच्यासाठी ठेवून उठाचं. नाई तं तिले जाळाले घेऊन जाशीन, लेका." बाजारासमोर त्यांनी हे सांगितलं नाही. माझी अब्रू राखली.

आणि मी काय केलं? ते वळताच लोकांना हसवायला म्हणालो, "पंगतवैद्य आहे हा! औषध एकच, तुमच्या घरची भाकर, ह्याच्या पोटात!" बाजाराला ते आवडलं. संध्याकाळपर्यंत नाव वेशीबाहेर गेलं होतं.

पण मी घरी जेवायला जाऊ लागलो. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा. नारोपंत समोर पाटावर बसत, मी जेवत असे, आणि मी उठलो तरी ते उठत नसत. गोदावरी माझ्या ताटावर बसून शेवटचा घास खाईपर्यंत ते भिंतीकडे तोंड करून बसून राहत. "पाह्यत नाई मी, पोरी. नुसता आयकतो. चावू दे आवाज करून," असं म्हणत. हळूहळू बांगड्या मनगटाशी आल्या. पुढे यथाकाल मुलगी झाली, सुखरूप झाली. आज तीही आजी झाली आहे.

त्यानंतर नारोपंत मरेपर्यंत आमच्याकडे जेवत, हे मात्र खरं. गावाला त्यात माझ्या थट्टेचा पुरावा मिळाला. "पाहा, म्हटलं नव्हतं बापूनं?" असं लोक म्हणत आणि मी गप्प बसे. खरं सांगायचं तर बायको माझ्यामुळे उपाशी होती हेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या कुठल्याही घरात त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावला नाही. आमच्याच घरी ते का जेवू लागले, तेवढंच सांगायचं उरलं.

गोदावरी सावरली तेव्हा रीतीप्रमाणे तिला आरोग्यस्नान घातलं, वैद्याला उपरणं दिलं. ते खांद्यावर टाकून नारोपंत निघाले. आत पानं वाढली होती. दारातून गोदावरी म्हणाली, "बुवा, आता या घरात रोगी नाई. आता तं जेवाल?"

"रोग्याच्या घरी मी जेवत नाई."

"मंग आता हे रोग्याचं घर कुठं राहिलं? आन् तुमच्या घरी कोन वाढते तुमाले?"

"चूल आहे. मी आहो. वाढायचं काय त्यात?" ते हसले, पण उंबऱ्यातच थांबले. मग उपरण्याची घडी उगाच उलगडत म्हणाले, "अकोल्यात होती एक वाढणारी. मी गावभर रोगी पाहत फिरो. रात्री घरी आलो का विचारो, जेवलीस? ते म्हने, जेवली. मी म्हनो, ठीक." उपरण्याची पुन्हा घडी घालत ते म्हणाले, "सगळ्या अकोल्याची नाडी पाह्यली मी, बाई. तिची पाहायची राहून गेली."

मग गोदावरीनं पाट मांडला, पाणी ठेवलं आणि माझ्याकडे न पाहता मला म्हणाली, "हात धरून बसवा त्यायले."

मी हात धरला. ते बसले. भाकर मोडली, पण घास हातातच राहिला. "बाई," ते म्हणाले, "तुमीबी बसा. कोनी उपाशी उभं असलं का मले घास उतरत नाई."

त्या काळी पुरुषांच्या पंक्तीत सून बसत नसे. गोदावरीनं आईकडे पाहिलं. आई तोंड घट्ट मिटून आत गेली आणि दोन ताटं घेऊन बाहेर आली. एक तिनं सुनेपुढे आदळलं, दुसरं स्वतःपुढे ठेवलं आणि म्हणाली, "बस आता, गोदे. आन् मी काय भिंतीकडं पाहत बसू? जेवा बुवा, गार होऊन राहिलं."

नारोपंतांनी पहिला घास घेतला आणि गोदावरीला म्हणाले, "पिठलं जरा अळणी झालं आहे."