उजव्या हाताची मिरची

परसात माझी मिरचीची अकरा झाडं आहेत. यंदा त्यांनी कहर केला. बायको, आराबा, म्हणाली, शेजारीपाजारी वाटून टाकू. मी म्हटलं, एक मिरची उंबऱ्याबाहेर जाणार नाही, मी शितो करणार. (शितो म्हणजे तळलेल्या मिरचीची चटणी, ती बायकांनीच करावी असं आमच्या केप कोस्टला समजतात. मी चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केल्या. मिरची काय होडीपेक्षा अवघड?)

फक्त दिवस चुकला. मी शितोला धरलेल्या शनिवारीच दुपारी आमच्या लेकीला, आबाला, मागणी घालायला मंडळी दार ठोठावणार होती. आबा चौतीस वर्षांची. मागल्या खेपेची मंडळी माझ्या तोंडाला कंटाळून मागणीसाठी आणलेल्या दारूच्या बाटल्यांसकट परत गेली होती. म्हणून आराबाने बजावलं की आज तुम्ही फक्त हात मिळवा, पाणी द्या आणि गप्प बसा. शितो उद्या करा, असंही म्हणाली. मी उद्यावर काही टाकत नाही.

सकाळीच बसलो. देठं काढली, बिया काढल्या, मातीच्या कुंड्यात मिरची, आलं, कांदा वाटला आणि सगळं हातानेच खरवडून काढलं. आराबाने चमचा पुढे केला तो परत पाठवला. तेलात सुकी कोळंबी आणि मासळीची पूड घालून तीन तास परतलं. शेजारचे खोकत दारं लावून बसले. शितो काळाभोर झाला, बरणी भरली, आणि मग माझा उजवा हात पेटला.

साबण लावला, लिंबू चोळलं, खोबरेल लावलं. हात पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसलो, तोच दार वाजलं.

सहा जण होते. मुलाची आत्या, मामा, आणखी तिघं आणि त्यांच्या वतीने बोलणारा एशुन, माझ्याच वयाचा. मागणीच्या बाटल्या पुढ्यात मांडून मंडळी बसली. आता मी उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घ्यायचा. डावा हात पुढे करावा तर सात पिढ्यांचा अपमान, हात दिलाच नाही तर त्याहून वाईट. म्हटलं, क्षणाचं तर काम. हात अंगावरच्या कापडाला पुसला आणि सहाही जणांशी घट्ट मिळवला. (सैल हात मला आवडत नाही.)

पाणी दिलं. उकडत होतं. सगळ्यांनी घाम पुसला, डोळेही पुसले.

आधी आत्या रडायला लागली. मग मामा. मग सगळेच. मुलीकडचे रडतात हे माहीत होतं, पण मुलाकडचे सहाच्या सहा रडताना मी पहिल्यांदाच पाहिले. आराबा माझ्याकडे बघायला लागली. मी तिनेच बजावल्याप्रमाणे गप्प बसलो होतो.

एशुन एक डोळा मिटून म्हणाला, "मुलगी द्यायची नव्हती तर तसं सांगायचं, दादा. आम्ही काय जबरदस्ती करायला आलोय?"

आणि बाटल्या पिशवीत भरायला लागला. आबा आतल्या दाराशी उभी होती. तिचा चेहरा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा मी आपली चूक कबूल केली. उठलो, बरणी आणून मधोमध ठेवली.

"हातावर हे होतं," मी म्हटलं. "मीच केलाय. चमचा घेतला नाही."

शेवटी एशुनने आराबाने पुढे ठेवलेल्या केंकेचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्याचा, तुकडा मोडला, बरणीत बुडवला आणि बराच वेळ चावत बसला. त्याचं नाक गळत होतं. मग त्याने बाटल्या पुन्हा बाहेर मांडल्या. त्या आम्ही घ्यायच्या का (घेतल्या म्हणजे मागणी मान्य), असं रिवाजाप्रमाणे मी आबाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती हो म्हणाली, शेवटच्या वेळी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत.

मला कोण आनंद झाला! बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती एशुनपुढे धरली, घरी न्या म्हणून. (उजव्याच हाताने.)

त्याने दोन बोटांनी ती माझ्याकडे परत सरकवली.

"मुलगी आमची झाली, दादा. हे तुमच्याच घरात राहू द्या."