मुळाला धक्का नको

कुवेतमधल्या आमच्या मिरकाबच्या खोलीत एका शुक्रवारी दुपारी दोन धडधाकट पुरुष श्वास रोखून उभे होते, कारण गंगाधरराव रोप बदलत होते.

"श्वास रोखा," ते म्हणाले. आम्ही रोखला. लबनच्या, म्हणजे ताकाच्या, रिकाम्या पेल्यात वाढवलेलं ते रोप. त्यांनी देठ दोन बोटांच्या बेचक्यात धरलं, पेला तळहातावर उपडा केला, बुडावर एक टिचकी मारली आणि मातीचा गोळा मुळांसकट अलगद बाहेर आला. तो तेलाच्या मोठ्या डब्यात बसवून त्यांनी कडेनं माती दाबली. "सोडा."

हा माणूस इस्पितळात एक्स-रे काढायचा. दिवसभर तीन भाषांतून लोकांना श्वास रोखायला लावूनही त्याचं समाधान होत नसे, म्हणून घरी आम्ही होतोच. आम्ही म्हणजे मी, कुडाळचा एसी मेकॅनिक, आणि माझ्याच गावचा बाबल सुतार. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बायकापोरं गावाला, आणि तीन दादले एका खोलीत.

गंगाधरराव परभणीकडचे. त्यांचं एकच पालुपद होतं, "मुळाला धक्का नको." बाबलनं दुसरी कंपनी बघायची म्हटलं, तर मुळाला धक्का नको. मी मिशी काढायची म्हटलं, तरी तेच. आता मिशीला कसलं मूळ, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार!

रोपांचं बी त्यांनी सुट्टीवरून येताना रुमालाच्या गाठीत बांधून आणलं होतं. पेल्यांच्या बुडाला तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली. माती बोटानं चाचपायची, कोरडी लागली तरच पाणी. तेही नळाचं नाही, ते खारट. त्यांना हवं माझ्या एसीतून ठिबकणारं. ठिबक कमी झाली की ते एसी आणखी थंड करत, आणि आम्ही कुवेतमध्ये मे महिन्यात स्वेटर घालून जेवत असू. कोणी मोठ्यानं बोललं की म्हणत, "हळू बोला की. रोपं झोपायलीत."

"अहो, पण आहे काय ते?" मी विचारायचो.

"पालेभाजी."

"कसली?"

"मोठी झाली की कळंल."

बदललेली सात रोपं त्यांनी तीन दिवस सावलीत ठेवली आणि मग बाल्कनीत मांडली. पेल्यात होती तोवर पानं गोल आणि गरीब होती. डब्यात गेल्यावर त्यांना बोटं फुटली. आधी तीन, मग पाच, आणि कडेला करवतीसारखे दाते. एका सकाळी बाबल बाल्कनीतून आत आला तो पांढराफटक पडून.

"ह्यां पान मी खंयतरी बघलंय," तो म्हणाला.

"खंय?"

"दवाखान्यातल्या पोस्टरार. वर तांबडी फुली मारलेली. मेल्या, गांजो तो! आमका तिघांकाय आत घालतले!"

त्या मुलखात असल्या पानापायी माणूस आत गेला की पोरांच्या लग्नालासुद्धा बाहेर यायचा नाही. तरी म्हटलं, संध्याकाळी गंगाधररावांना विचारू. तेवढ्यात खालून हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, ओरडला. खालच्या मजल्यावर पाणी गळतंय, मी वर येतोय.

मग मी काही बघितलं नाही. सातही रोपं मुळासकट उपटली, तुकडे केले आणि संडासात टाकून साखळी ओढली, तीही चारदा. हारिस आला, मोरीचा नळ आवळला, चहा प्यायला आणि गेला. बाल्कनीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही.

चार वाजता गंगाधरराव ड्यूटीवरून आले. मी त्यांना झाडायच्या तयारीतच होतो. "शिकलेसवरलेले तुम्ही, आम्हाला तुरुंगात पाठवायला निघालात?" वगैरे सगळं म्हणून घेतलं. ते रिकाम्या डब्यांकडे बघत होते. एका डब्याच्या कडेला एक पान चिकटून राहिलं होतं. ते त्यांनी सदऱ्याला पुसलं, अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि अर्धं माझ्यापुढे केलं.

"खा."

मी भीत भीत चावलं. आंबट! चांगलं दात आंबतील इतकं.

"अंबाडी आहे हो," ते म्हणाले. "आमच्याकडं कण्या घालून भाजी करतात."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

त्यांनी तोंडातलं पान चघळून संपवलं. मग म्हणाले, "शुक्रवारी सुमन यायलीय."

सुमन म्हणजे त्यांची बायको. अकरा वर्षांत दोनदा तिच्या व्हिजिट व्हिसाचं जमता जमता फिसकटलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी आम्हाला आधीच पेढे वाटले होते. म्हणून या खेपेला कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या सुट्टीत ती हसत म्हणाली होती, "तिथं अंबाडी मिळती का? मिळत असंल तर येते." ती बोलून गेली, आणि यांनी ते पेरलं.

मी शरमेनं मेलो. दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण हा माणूस डबे विसळायला लागला.

कपडे धुण्याच्या मशीनमागे एक पेला उरला होता. त्यातलं रोप मरतुकडं, म्हणून त्यांनी नापास केलेलं. त्याची पानं अजून गोलच, म्हणून माझ्या तावडीतून सुटलं. गुरुवारी त्यांनी तेच डब्यात लावायला घेतलं. डबा मी धरला.

"श्वास रोखा," ते म्हणाले. गोळा बाहेर काढला, बसवला, माती दाबली. पण "सोडा" काही येईना. ते नुसतेच माती दाबत राहिले, आणि डोळे भरलेले.

"सोडा, गंगाधरराव," शेवटी मीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर डबा माझ्याच हातात होता. वहिनी बाहेर आल्या, आधी नवऱ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. वाकून एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं.

"अगं बाई, अंबाडी!" त्या म्हणाल्या. "एकच झाड?"

"लई होती," गंगाधरराव म्हणाले. "धुळीचं वादळ आलतं, त्यात गेली." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"हो वहिनी," मी म्हटलं. "फार मोठं वादळ होतं."