जाळी मांडवावर, टाकी वाळूवर

खण्ण! दुपारच्या सुन्न घरात रांजणाच्या तळाला तांब्या वाजला आणि ओसरीवर घोरणारे आप्पाराव ताडकन उठून बसले.

"परवापासून हा आवाज बंद!" दूध संस्थेचे हे चेअरमन सुनेला, अंजनाला म्हणाले. "आपल्या टाकीचं उद्घाटन हाय. गाव पाणी पिईल, छावणीतली जनावरं पितील, अन् नाव आमचं निघंल!"

नाव निघणार याबद्दल अंजनाला शंका नव्हती. टाकीसाठी नदीकाठची वाळवट पट्टी त्यांनीच 'दान' दिली होती. तिथं आजवर कुसळसुद्धा उगवलं नव्हतं!

"मामा, इंजिनिअरनं दिलेली काळी जाळी अंथरली का टाकीखाली?"

"वाळूत जाळी? मासे धरायचेत व्हय?"

"कागदावर लिवलंय की. वाळूचा थर दाबायचा, वर जाळी, पुन्हा वाळू. वाकळेच्या टाक्यांवानी धरून ठिवती. न्हाईतर वझं पडलं की वाळू बाजूला सरकती."

"तू चुलीचं बघ! वीस वर्सं चेअरमन हाय मी!"

वीस वर्षांत त्यांनी वजनदार असं काही पेललं असेल तर गळ्यातले हार.

उद्घाटनाला अंजनाला जाळी दिसली. मांडवावर! सावलीसाठी! बोट जाईल एवढी तिची भोकं. पाहुण्यांच्या टकलांवर उन्हाच्या चौकड्या उमटल्या; पहिली रांग म्हणजे बुद्धिबळाचा पटच!

आठ दिवसांतून एकदा येणारा टँकर टाकीत रिता होऊ लागला. बाया घागरी घेऊन ताटकळत होत्या. टाकी अर्धी भरली आणि संस्थेचा सेक्रेटरी बिभीषण ओरडला, "साहेब, टाकी कलली!"

"पाहुण्यांना मान देतीया! भाषण चालू द्या!"

टाकीनं आणखी मान दिला. मग कर्रर्र! पाइप उखडला. पाणी भसाभसा वाळूत. बाया धावल्या, पण वाळू त्यांच्याहून तहानलेली!

"खांदा लावा रे!" म्हणत आप्पाराव स्वतःच टाकीला भिडले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. चौघांनी उपसून काढलं. चपला आतच राहिल्या.

आठ दिवसांचं पाणी गेलं होतं. अनवाणी चेअरमननं माईक धरला. "वाळूच खराब निघाली! चौकशी समिती नेमू. अध्यक्ष मीच!"

टाळ्या पडल्या.

अंजनानं रिकामी घागर कमरेवर घेतली. पहिलीतल्या लेकीनं तिचा पदर ओढला.

"आई, चेअरमन व्हायला कितवीपर्यंत शिकावं लागतंय?"