सूर्य मावळण्याआधीचं ताट

लोणी गावच्या पेठेतल्या पाण्याच्या टाकीची सावली संध्याकाळी समोरच्या दुकानाच्या पाटीवर डाव्या बाजूने चढते. ‘अरिहंत वस्त्र भांडार’मधलं ‘अरिहंत’ आधी झाकलं जातं, मग ‘वस्त्र’, आणि अगदी शेवटी ‘भांडार’मधला ‘र’. तो ‘र’ बुडाला की सूर्य मावळला! दुकानाचे मालक अमृतलाल शेट या ‘र’वर घड्याळापेक्षा जास्त विश्वास ठेवत.

यंदाच्या चातुर्मासात तर त्यांचं सगळं आयुष्यच त्या ‘र’ला टांगलेलं होतं. त्यांनी चौविहाराचा नेम घेतला होता. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आणि नेमक्या त्याच आषाढात डॉक्टरांनी बजावलं, ‘‘शेट, साखर वाढलीय. रोज तासभर भरभर चाला. आणि चालून आल्यावर उपाशी राहू नका, चक्कर येईल!’’

‘‘चालतो की!’’ शेट म्हणाले. ‘‘रोज भिमाजीच्या विहिरीला हात लावून परत! कार्तिकी पौर्णिमेपर्यंत एक दिवस चुकला, तर नावाचा अमृतलाल नाही!’’

चालण्याची अडचण नव्हतीच. अडचण होती चालून आल्यावर काय खायचं याची.

नीलम म्हणजे शेटची सून. रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली. स्वयंपाकघरात मीठसुद्धा चमच्यावरून सुरी फिरवून सपाट करून घालायची. तिने शांतपणे सांगितलं, ‘‘पप्पाजी, घामातून पाणी आणि मीठ जातं, ते भरून यायला ताक. स्नायूंना प्रथिनं हवीत, त्यासाठी मुगाचे चिले. झालं!’’

‘‘काय झालं?’’ शेटच्या पत्नी भंवरीबाई देवघरातूनच गरजल्या. ‘‘डाळ आणि कच्चं ताक एका ताटात? चातुर्मासात? आपल्या जैनांत चालतं का ते? त्यापेक्षा बदाम घातलेलं दूध आणि केळं द्या. गेलेली ताकद दुधानंच येते!’’

‘‘दूध-केळ्यानं साखर वाढेल, मम्मीजी. आणि ताक आधी गरम करून घेतलं, तर मुगाबरोबर चालतं.’’

‘‘गरम ताक? ते काय प्यायचं असतं? पाय शेकायचे असतात त्यात!’’

मग दोघी एकदम शेटकडे वळल्या. ‘‘तुम्हीच सांगा!’’

लग्नाच्या बस्त्याला आलेल्या वीस बायकांना एका दमात ‘तुम्ही जांभळी घ्या, तुम्ही मोरपंखी’ असं सांगणारा हा माणूस! पण बायको आणि सून यांच्यामध्ये उभा राहिला, की धुतलेल्या मांजरपाटासारखा आकसून जायचा. ‘‘बघू,’’ शेट म्हणाले, ‘‘उद्या सांगतो.’’

तो उद्या आषाढात उगवला नाही, श्रावणात नाही, भाद्रपदातही नाही. रोज शेट परतले की दुकानाला लागूनच असलेल्या घराच्या उंबऱ्यात दोघी उभ्या. एकीच्या हातात दुधाचा पेला, दुसरीच्या हातात धिरड्यासारखे चिले उलटायचा कलथा. वाद संपेपर्यंत पाटीवरचा ‘र’ बुडायला टेकलेला असायचा. मग शेट एक कोरडा खाखरा कुरकुरत खात, वर घटाघट पाणी पीत आणि ‘‘उद्या नक्की’’ म्हणत अंथरुणाला पाठ टेकवत.

एवढं असूनही ते खुशीत होते. ‘‘नीलम, माझा वेग बघितलास?’’ दिवाळीनंतर ते छाती फुगवून म्हणाले. ‘‘आषाढात रमतगमत यायचो. आता जवळजवळ पळतो! साठीत घोडा झालोय घोडा!’’

‘‘तुमचा वेग नाही वाढला, पप्पाजी,’’ नीलम पीठ चाळता चाळता म्हणाली. ‘‘दिवस लहान झालाय. तुमची निघायची वेळ तीच, वाट तीच, सूर्य मात्र रोज थोडा लवकर जातोय. थोडं आधी निघा, नाहीतर विहीर सोडा.’’

‘‘विहीर सोडू? पौर्णिमा तोंडावर आलेली असताना? शक्य नाही!’’

आणि तो दिवस आला. ऐन निघायच्या वेळी दुकानात लग्नाचं वऱ्हाड शिरलं. नवरीच्या मामीला एकही रंग पसंत पडेना. शेटनी कपाट रिकामं केलं आणि शेवटी गादीवरूनच बुटांत पाय सारले. बाहेर येऊन पाहतात तर ‘अरिहंत’ बुडायला लागलेलं!

विहिरीपर्यंत ते तरातरा गेले. कठड्याला हात लावला, वळले आणि पळत सुटले. सूर्य पाठीमागे उसाच्या शेंड्यांवर उतरला होता. शेट चार पावलं टाकत, मान मागे वळवून सूर्य बघत, ‘‘अरे देवा!’’ म्हणत आणि आणखी जोरात पळत.

बांधावर बायडाबाई गवत कापत होती. कपडा मोजायचा गज उचलायलाही कधी न उठलेला शेट, पांढराशुभ्र पायजमा गुडघ्यापर्यंत धरून, मागे बघत, उसाच्या कडेनं धावतोय!

‘‘शेट! काय झालं वो?’’

बोलायला शेटकडे दम कुठला? त्यांनी नुसता मागे हात केला.

बायडाबाईनं मागे पाहिलं. ऊस सळसळत होता. आणि या भागात उसात काय असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! भारा टाकून, विळा उगारून ती ओरडली, ‘‘बिबट्याऽऽ!’’ आणि शेटच्या मागे धावत सुटली.

शेटनी पुन्हा मागे पाहिलं. आता सूर्याऐवजी विळा घेतलेली बायडाबाई! आणि ती बिबट्या म्हणतेय! म्हणजे मागे खरंच आहे! आतापर्यंत शेट व्रतासाठी पळत होते, आता जिवासाठीही पळू लागले.

पुलापाशी भिमाजी मोटारसायकलवर होता. दोघांना पाहून त्याने गाडी जागेवर फिरवली आणि त्यांच्याही पुढे निघून गेला. ‘‘शेटच्या मागं बिबट्या लागलाय!’’ पेठेत येईपर्यंत त्याचे दोन झाले, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर जाईपर्यंत मादी आणि दोन बछडे! कुणी पत्र्याचे डबे बडवले, कुणी दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब लावले. वन खात्याला फोन गेले. नवरीची मामी साड्यांच्या ढिगात शिरली.

शेट पेठेत पोचले, तेव्हा पाटीवरचं ‘वस्त्र’ बुडालं होतं. ‘भांडार’ मात्र अजून सोन्यासारखं चमकत होतं. वेळ होती! पण पायरीपुढे गर्दी. त्यांना उचलून खुर्चीवर बसवलं गेलं.

‘‘पाठ बघा, पाठ! पंजा लागलाय का?’’

‘‘कांदा हुंगवा राव! लगेच हुशारी येती!’’ कुणीतरी फोडलेला कांदा नाकाशी आणला. शेटनी मान फिरवली, तर तिकडे भिमाजी. ‘‘शेट, अंडं घ्या उकडलेलं. लई ताकद! न्हाई म्हणू नका!’’ तिसऱ्याने फसफसणारी बाटली ओठांना लावली. ‘‘प्या! पैलवान हेच पित्यात!’’

शेटनी ओठ घट्ट मिटून घेतले. ‘भां’ गेला.

‘‘दातखीळ बसली वाटतं!’’ बायडाबाई हळहळली. ‘‘लई भ्यालेत. आरं, चमचा आना!’’

दारात भंवरीबाई दुधाचा पेला घेऊन रडत होत्या. शेजारी नीलम उभी. हातात कलथा, मागे तापलेला तवा. ती सासऱ्यांकडे बघत नव्हती, पाटीकडे बघत होती. अख्ख्या गर्दीत काय चाललंय, हे तिला एकटीलाच कळलं होतं. तिने फक्त भुवया उंचावल्या.

‘‘गप बसा समदे!’’ भिमाजीने डबे थांबवले. ‘‘वन खात्याची गाडी येतीय. त्यांना काय सांगायचं ते शेट सांगत्याल. शेट, दमानं घ्या. केवढा व्हता? कुठं दिसला?’’

पेठ चिडीचूप झाली. भोंग्यावरचा माणूसही माईक घेऊन पुढे आला आणि त्याने तो शेटच्या तोंडापुढे धरला. ‘डा’ अर्धा बुडाला होता. शेटनी बायकोकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. दीर्घ श्वास घेतला. आणि आषाढापासून अडलेला शब्द साऱ्या लोणीला ऐकू गेला,

‘‘नीलम, मुगाचे चिले! आणि ताक... ताक गरम करून!’’