तात्यांचे पाहुणे

आमचे शेजारी तात्या कुत्र्याला अहो-जाहो करीत. "अहो पाहुणे, बसा. बसायचं नसेल तर उभे राहा," असं ते खाटेखालच्या अंधाराला सांगत. अंधारातून नुसती गुरगुर येई. "विचार करून कळवतो म्हणतात," तात्या मला सांगत.

तात्या देवासच्या थोरल्या पातीच्या कचेरीत कारकून, आणि कुत्रं धाकट्या पातीतलं. आमच्या गावात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना या दोन पात्यांची दोन राज्यं. त्यामुळे हलवायाच्या भट्टीपाशी मार खाणारं ते तांबडं कुत्रं उचलून तात्या रस्त्याच्या अलीकडे आले, तेव्हा परराज्याची रयत पळवली म्हणून कचेरीत थट्टा झाली. हलवाई मागोमाग सांगत आला होता, "भिया, यो काटेगो. डंडा बिना नी माने."

तात्यांनी घरी येऊन आधी काठी माळ्यावर टाकली, मग छत्रीही. "लांबट काही दिसलं की पाहुण्यांना भट्टी आठवते," म्हणाले.

पण कुत्रं काही खाईना. दूधभाकरी तशीच वाळून जाई. बरगड्या वर आल्या. मी पूर्वी एक कुत्रं पाळलेलं, म्हणजे आळीतला जाणकार. खाटेशी वाकून दरडावलं, "अरे, ये इकडे, खा." कुत्रं भिंतीला चिकटलं आणि जागीच मुतलं.

तात्या माझ्यावर प्रथमच चिडले. "त्यांना अरे म्हणू नका. त्या शब्दामागून काय येतं ते त्यांना ठाऊक आहे."

"अहो, पण ते मरेल उपाशी."

"दरबारी काम आहे. सावकाश," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य, पण या खेपेला म्हणता म्हणता त्यांनी वाळलेली भाकरी उचलून ताजी ठेवली.

तात्यांची आणखी एक खोड गावभर माहीत होती. एकटा जीव असून हौसेनं कुणाला जेवायला बोलवायचे, भरपूर वाढायचे आणि पाहुण्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. लोक म्हणत, दुसऱ्याचं खाणं यांना बघवत नाही. हळूहळू त्यांच्याकडे कुणी जाईनासं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूधभाकरीची ताटली खाटेजवळ ठेवली, पाठ फिरवली आणि मलाही फिरायला लावली. आम्ही दोघे बाप्ये भिंतीचे पोपडे बघत बसलो. बराच वेळ गेला. मग मागून नखं वाजली, आणि लपलप ऐकू आलं.

मी मान वळवणार तोच तात्यांनी माझं मनगट धरलं.

"बघू नका," ते हळूच म्हणाले. "लहानपणी मी धारला वार लावून जेवलो. सात वार, सात घरं. वाढून झालं की कुणीतरी समोर उभं राहायचं. 'अरे, आटप.' पोटात आग असायची हो, पण घास उतरत नसे."

ताटली चाटूनपुसून झाली. मग कुत्रं आलं आणि तात्यांच्या पाठीला पाठ टेकून पडलं. तात्या हलले नाहीत. कचेरीची वेळ झाली तरी हलले नाहीत.

त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा उशिरा पोचले. साहेबांनी कारण विचारलं.

"घरी पाहुणे जेवत होते," तात्या म्हणाले.