धांडे सरांचे प्रतिज्ञापत्र

धांडे सर ज्याच्या दारात वही घेऊन उभे राहतात तो महिन्याभरात मरतो, अशी संग्रामपूर परिसराची ठाम समजूत आहे. तहसील कचेरीसमोर हयातभर अर्जलेखन करणारा मी अफवांना भीक घालत नाही, तथापि सरांनी एकदा "तुमचं वय काय हो?" असे सहज विचारले, तेव्हा मी टेबल उघडे टाकून रक्तदाब तपासून आलो.

सर महाविद्यालयात इतिहास शिकवतात. संशोधन मात्र राजेरजवाड्यांचे नव्हे. नाल्यांचे, झाडांचे, आणि लोकांनी ती गाण्यांत व भिंतींवर कशी उतरवली त्याचे. "जाननारा गेला की नाला दुसऱ्यांदा आटते," हे त्यांचे पालुपद. साहजिकच कोणी म्हातारे खाटेला खिळल्याची वार्ता येताच ते फटफटीवर धाव घेतात. मृत्यूच्या आधी पोचावे, एवढीच धडपड. लोकांनी क्रम उलटा लावला. फटफटी दिसली की बाया नातवंडांना आत ओढतात. "आला वं माय, यमाचा मास्तर!"

गेल्या पंधरवड्यात सर माझ्यापुढे येऊन बसले. जवळच्या खेड्यातली सोनाआजी बरीच आजारी होती. गावचा बुजलेला नाला, त्याच्या काठच्या एकूण एक झाडासह, ती दर नागपंचमीला भिंतीवर काढी. दुसऱ्या कोणालाही तो ठाऊक नाही. आणि ती दार उघडत नव्हती.

"भाऊ, मले लिहून द्या. माह्या येण्यानं कोनी मरत नाही म्हणून."

मी मुद्रांकावर रीतसर मजकूर सिद्ध केला: 'माझे आगमन व कोणाही इसमाचे निधन यांत कार्यकारणसंबंध नाही, असे मी सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो.' वाचनासाठी स्वतः सोबत गेलो.

बंद दारापुढे मी खणखणीत वाचन केले. आतून खोकला आला.

"कागद राहू द्या. मास्तर, तुही माय कशी गेली? तिच्याबी उशाशी वही घेऊन बसला होता का?"

सर पायरीवर बसले.

"नाही आजी. तिलेबी नाल्याचं, झाडाचं सारं येत होतं. मी म्हणलो, घरचीच हाय, मंग इचारू. ती गेली तवा मी देऊळघाटले दुसऱ्याच्या मायजवळ बसलो होतो. आता कोनी बिमार हाय म्हणलं की भेव वाटते मले."

मग कडी निघाली. आजी चौकटीला धरून उभी होती. सर मात्र उठेचनात.

"ये ना बापा घरात," ती म्हणाली, "मी हाय अजून."