शिळ्या पाण्याचा पंचनामा

आमच्या हिंगणबोरी गावाला, तालुका कळंब, दर मंगळवारी नळाला पाणी येतं. वेळ सकाळी सात ते पावणेआठ. गावात लग्नाचा मुहूर्त टळतो, ही वेळ टळत नाही. पाणी येण्याआधी प्रत्येक घरात एक महत्त्वाचं काम उरकायचं असतं, ते म्हणजे घरातलं उरलेलं पाणी ओतून देणं. कारण ते शिळं झालेलं असतं. त्याच टाकीतलं, त्याच नळाचं पाणी पिंपात आठवडाभर राहिलं की शिळं होतं, याबद्दल गावात दुमत नाही. ताजं पाणी दारात येत असताना शिळं घरात ठेवणारी बाई आमच्याकडे आळशी समजली जाते. म्हणून साडेसहाला पिंपं आडवी होतात, अंगणं धुतली जातात, मोटारसायकली धुतल्या जातात आणि धुण्यासारखं काही उरलं नाही की रस्ता धुतला जातो. बाकीचे दिवस आम्ही पाणीटंचाईवर बोलतो.

ही नासाडी नव्हे, स्वच्छता आहे. नासाडी शेजारी करतात.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच वरून पत्र आलं. प्रत्येक गावाने पाण्याची नासाडी करणाऱ्या किमान एका व्यक्तीचं नाव, केलेल्या कारवाईसह, महिनाअखेरपर्यंत कळवावं. 'निरंक' अहवाल स्वीकारला जाणार नाही. आजवर गावाने प्रत्येक पत्राला 'निरंक' एवढंच उत्तर पाठवलेलं असल्यामुळे आता काय लिहायचं ते कुणाला सुचेना. शेवटी पाणी नासाडी दक्षता समिती नेमली गेली. अमरसिंहदादांच्या घरावर तीन टाक्या आहेत. पाण्याचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणालाच नसल्यामुळे ते अध्यक्ष झाले. मी, वैजनाथ गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, अक्षर बरं असल्यामुळे सचिव झालो.

पहिल्याच आठवड्यात त्रेसष्ट तक्रारी आल्या. लोकजागृती इतकी असेल याची आम्हाला कल्पना नव्हती. नागप्पांनी कळवलं की शेजारच्या सिद्धम्मा पाइप लावून भिंत धुतात. सिद्धम्मांनी कळवलं की नागप्पांनी म्हैस विकून वर्ष झालं, तरी ते रोज गोठा धुतात. माझ्या नावाच्या चार तक्रारी होत्या. त्यांवर मी 'वैयक्तिक आकसातून' असा शेरा मारला. अध्यक्षांच्या नावाच्या अकरा होत्या, तिथे तोच शेरा जरा ठळक अक्षरांत मारला. मग न्याय सर्वांना सारखा हवा म्हणून सगळ्याच तक्रारींवर तो मारावा लागला आणि समितीच्या हाती काहीच राहिलं नाही.

"गुरुजी, माणूस खोटं बोलंल," अमरसिंहदादा म्हणाले, "पर चिखल खोटं बोलायचा न्हाय."

ठराव झाला. मंगळवारी आठ वाजता गल्लीतून पाहणी करायची. ज्याच्या दारात चिखल सर्वांत खोल, तो नासाडी करणारा. पद्धत शास्त्रीय होती आणि तिच्यात आकसाला जागा नव्हती.

आमची गल्ली पाण्याच्या टाकीपासून ओढ्याकडे उतरत जाते. सर्वांत वर अध्यक्षांचं घर, मग माझं, मग बाकीच्यांची आणि अगदी शेवटी हरणाबाईंचं. हरणाबाई साठीच्या पुढच्या, एकट्या, दोन शेळ्या बाळगणाऱ्या. सहा वर्षं अर्ज केल्यावर त्यांना नळ मिळाला. त्या नळाला त्या दर मंगळवारी हळदकुंकू लावतात. त्यांच्या दारात मी शाळेतली जुनी लाकडी पट्टी रोवली. नऊ इंच!

"हरणाबाई, हा चिखल तुमच्या दारात आहे, हे मान्य?"

"दारात हाय की. पर पाणी तुमच्या समद्यांच्या दारातलं हाय, गुरुजी. वरनं येतंय."

"पाणी आलं कुठून, हा विषय वेगळा. समितीला ते सापडलं कुठं, हे बघायचंय."

मग घरातल्या साठ्याची मोजणी झाली. दोन घागरी.

"योजनेच्या कागदावर एका नळाला पाचशे लिटर पाणी येतं," मी म्हणालो. "दोन घागरींचे धरा तीस लिटर. उरलेलं चारशे सत्तर लिटर गेलं कुठं?"

"आवो, तुमी वर मोटारी लावल्यावर हितं नळ नुसता फुसफुस करतोय! दोन घागरी भरत्यात, त्येच लई झालं."

फुसफुशीचं मोजमाप उपलब्ध नसल्यामुळे हा खुलासा ग्राह्य धरता आला नाही.

"बरं, शिळं पाणी कुठं टाकता?" दादांनी विचारलं.

"शिळं व्हायला उरतंय कुठं माझ्याकडं?"

मी लिहून घेतलं, 'घरात पाणी अजिबात शिल्लक राहत नाही, अशी स्पष्ट कबुली दिली.' खाली पंचांच्या सह्या झाल्या. त्यात नागप्पा आणि सिद्धम्मा यांनी शेजारी शेजारी सह्या केल्या, हा गावाच्या ऐक्याचा दुर्मीळ प्रसंग होता.

कारवाई म्हणून नळ तोडायचं ठरलं. गावाला पाणी सोडणारा उत्तरेश्वर पान्हा घेऊन आला. तो नळाकडे बघून म्हणाला, "दादा, ह्यो नळ तोडला काय आन् ठिवला काय, सारखंच हाय." त्याला समज देण्यात आली. हरणाबाई नळावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सहा वर्सं अर्ज केले म्या, गुरुजी. समदे तुमच्याच हातानं लिवून घेतले. ध्यानात हाय का?"

माझ्या ध्यानात होतं. प्रत्येक अर्जात 'कृपावंत होऊन' हे शब्द मी स्वतःहून घातले होते. मला वाईट वाटलं, आणि ते दिसू नये म्हणून मी वहीचं पान उलटलं. नळ निघाला.

कारवाई जिल्ह्यात सर्वप्रथम झाल्यामुळे पाहणीसाठी साहेब येणार असं कळलं. गावाची लाज राखायची म्हणून आदल्या दिवशी सगळी गल्ली धुऊन काढली. वार गुरुवार होता. पाणी शिळं व्हायला अजून अवकाश होता, पण पाहुण्यांसमोर कुणी हात आखडता घेतला नाही. 'पाणी जपून वापरा' असं लिहायची भिंत तीन वेळा धुवावी लागली, कारण रंग धरत नव्हता. साहेब खूश झाले. समितीला शाल आणि नारळ मिळाला.

पुढच्या मंगळवारी आठची वाट न बघता मी सव्वासातलाच पट्टी पुन्हा रोवली. बारा इंच.

"नळ तोडला तरी चिखल?" अमरसिंहदादा थक्क झाले. "म्हंजी सवय किती मुरलीय बघा माणसाच्या अंगात!"

तसा अहवाल लिहायला मी घरी ओट्यावर बसलो. नळाला लावलेली मोटार चालू होती. तेवढ्यात हरणाबाई रिकामी घागर घेऊन आल्या आणि माझ्या गच्चीकडे बघत उभ्या राहिल्या. आमची टाकी भरून वाहत होती. पन्हाळीतून धार पडत होती आणि गल्लीने खाली निघाली होती. त्यांनी घागर धारेखाली धरली.

"हरणाबाई, तुमचं नाव नोंदीत आहे. तुम्हाला पाणी दिलं तर नासाडीला प्रोत्साहन दिल्यासारखं होईल."

"देऊ नगा. पडतंय ते घेते." घागर भरली, तशी त्यांनी ती कमरेवर घेतली. "माझा नळ कवा जोडताव?"

मी नियम सांगितला. गावाचं एक नाव नोंदीत असायलाच हवं. तुमचं काढायचं तर त्या जागी दुसरं घालावं लागेल.

"मंग घाला की दुसरं."

"कुणाचं घालू?"

हरणाबाईंनी एकदा पन्हाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "लांब कशाला जाताव, गुरुजी? हातात पेन हाय, नाव बी तोंडपाठ हाय."

आणि हसत हसत त्या उतारावरून निघून गेल्या. आतून बायको ओरडली, "अहो, ती मोटार बंद करा!" मला लाज वाटली, हे कबूल करतो. मी उठणारच होतो, पण हातातलं वाक्य अर्धवट होतं. ते पूर्ण होईपर्यंत पावणेआठ वाजले आणि मोटार आपोआपच कोरडी पडली.

तर वाचकहो, हरणाबाईंचा नळ एका नावासाठी अडून राहिला आहे. तेव्हा समितीतर्फे नम्र आवाहन आहे की आपण एक नाव पाठवावं. हे वाचताना ज्याचं नाव तुमच्या डोळ्यांसमोर आलं, त्याचं मात्र नको. तशी आमच्याकडे पोतंभर आहेत. जे तोंडपाठ असूनही आलं नाही, ते पाठवा.